आक्काच्या समुद्रस्नानाबाबत खुलासा

वारजे, पुणे
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप दाजी यांना,

मच्छिंद्रचा वारज्याहून वाकून नमस्कार. (आणखी खाली वाकलो असतो, पण गोव्याच्या उन्हाने मानेची सालं निघाली आहेत.)

आधी हिशोब देतो, कारण पाटबंधारे खात्यातून तुम्ही निवृत्त झालात तरी हिशोब जोडल्याशिवाय कुठलाच कागद तुम्ही खरा मानत नाही, हे मला ठाऊक आहे. तर गोव्याच्या किनाऱ्यावर एका माणसाला निवांत अर्धा तास मिळाला, त्याला आलेला खरा खर्च असा: माझी कोल्हापुरी, डावी (उजवी शिल्लक आहे, ती कोणाला लागत असेल तर कळवावे), ललिताचा पावणेदोन दिवसांचा अबोला, दशम्यांचा अख्खा डबा, टॅक्सीवाल्याने मागितले त्याच्या निम्मे आणि द्यायला हवे होते त्याच्या दुप्पट पैसे, आणि तुम्हाला दिलेला एक शब्द. शेवटची बाब सोडली तर बाकीचं भरून निघेल. ती शेवटची बाब कशी खर्ची पडली, त्याचाच हा खुलासा.

तुमची तब्येत बरी असेल. फलटणला थंडी पडली का? आक्का नसताना चहात साखर किती घालता, हे मी विचारत नाही. (ती समोर बसून विचारायला सांगते आहे. मी विचारलं असं तिला सांगणार आहे, तुम्ही उत्तर दिलं असं तुम्ही सांगा.) आमच्याकडे सगळे ठणठणीत. आणि फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल, तर त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही पहिल्या वाक्याला ‘काय?’ म्हणता आणि दुसऱ्या वाक्याला रागावता. पत्रावर रागवायचं तर निदान ते शेवटपर्यंत वाचावं लागतं.

आमची तनया हिंजवडीत नोकरी करते. ती तिथे नेमकं काय करते हे तिने मला अनेकदा समजावून सांगितलं आहे, त्यातून मला एवढंच कळलं की यंदा तिला बोनस मिळाला. त्या बोनसमधून तिने मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली: ती स्वतः, मी, तिची आई ललिता आणि आक्का. तुमचंही निघणार होतं, पण ज्या पाण्याला दोन्ही बाजूंना काठ नाही त्यावर आपण बसत नाही, असं तुम्ही कळवलंत. आक्काला मात्र पाठवलंत, आणि फलटणच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीत हात घालून, ड्रायव्हरला थांबवून, मला फोन लावून सांगितलंत, “मच्छिंद्र, हिला जहाजात ने, पण पाण्यात नेऊ नको.” मी हो म्हणालो. तो हा शब्द.

जहाजाचं वर्णन करत बसत नाही. आमच्या सोसायटीसारख्या दहा-बारा इमारती आडव्या बांधून पाण्यात सोडल्या आहेत असं समजा. फरक इतकाच की तिथे नळाला चोवीस तास पाणी होतं आणि लिफ्टमध्ये लोक एकमेकांना हसून नमस्कार करत होते, त्यामुळे पहिल्या दिवशी ललिता जरा घाबरूनच होती. खाणं तर इतकं की लोक एक जेवण संपवून दुसऱ्याच्या रांगेत उभे राहत. आणि आवाज! दाजी, तुम्हाला माहीत आहे, बुधवार पेठेत फुटपाथवर पत्र्याच्या खोक्यावर बसून मी लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडायला सुरुवात केली, आणि आज निम्म्या पुण्याची मंगल कार्यालयं माझ्या स्पीकरवर बोलतात. हे सगळं शिक्षणावर उभं राहिलं नाही, भांडवलावर उभं राहिलं नाही, या दोन कानांवर उभं राहिलं. स्पीकर खरखरला की आत काय सुटलंय ते मी रस्त्यावरून जाता जाता सांगतो. लग्नघरात कुठल्या खोलीत कोण रुसलंय तेही मला बाहेर मांडवात वायर जोडताना कळतं. माझ्या कानांवरून काही निसटत नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिल्या संध्याकाळी आक्का कठड्याला धरून उभी होती. खाली पाणी, वर पाण्याच्या रंगाचं आभाळ, आणि ही कोणाशी बोलेना. मला वाटलं, हिला लागतंय जहाज. लिंबू घेऊन गेलो. तर मला म्हणाली, “मच्छिंद्र, मला ह्या पाण्यात एकदा बसायचं हाय. गळ्यापर्यंत. पण बघायला कुणी नको.” मी तिला तुमच्या निरोपाची आठवण करून दिली. ती म्हणाली, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर हाय, पण गुडघे अजून ऐकतायत तवर एकदाच. परत ते मला धाडणार नाहीत आन् मी मागणार नाही.

आता दाजी, खुर्चीत नीट टेकून बसा. जे लग्नाला चव्वेचाळीस वर्षं होऊनही तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही ते मी सांगतो. आक्काला पोहता येतं. नुसतं येतं असं नाही. विश्रांतवाडीच्या पलीकडे, आता जिथे चारचाकी गाड्यांचं शोरूम आहे, तिथे आमच्या चुलत्यांची विहीर होती, आणि तिच्या काठावरून सूर मारणारी आमच्या भावकीतली ती एकटी मुलगी. मला पोहायला तिनेच शिकवलं. पाठीला वाळका भोपळा बांधला, विहिरीत ढकललं, आणि स्वतः मागून उडी घेतली. मी आजवर व्यापारात जे काही धाडस केलं ते त्या ढकलण्याच्या जोरावर. मग तुमच्याशी लग्न ठरलं. तुम्ही कालव्यावर. कालव्याच्या दारांना अडकलेलं काय काय तुम्हाला त्या नोकरीत बाहेर काढावं लागलं, ते तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. पण आक्काने तुमचे ओले कपडे धुतले आहेत, तिला न सांगता कळायचं. एकदा नीरा नदीवर सगळ्या बायका उतरल्या आणि ही काठावर बसून राहिली, तेव्हा मी विचारलं होतं, तर म्हणाली की यांना धास्ती वाटते, कशाला उगाच. म्हणजे बघा, तुम्ही तिला पाण्यात जाऊ दिलं नाहीत असं तुम्हाला वाटतं. खरं म्हणजे तुम्ही विचारण्याआधीच ती थांबली होती. हे कळल्यावर मला सांगा, दिलेला शब्द मी कुठे ठेवायचा?

जहाज गोव्याच्या बंदराला एकच दिवस लागणार होतं, सकाळी लागून संध्याकाळी सुटणार. जे काय व्हायचं ते त्याच दिवशी. सकाळी नाश्त्याच्या दालनात मी ज्यूसच्या मशिनपाशी उभा होतो, आणि खांबाच्या पलीकडून मला एका बाईचा आवाज आला. पुण्याची बाई, हे पहिल्या तीन शब्दांत ओळखलं. (ती ‘बरं का’ असं समोरच्याला उपकार केल्यासारखं म्हणत होती.) ती कोणाला तरी सांगत होती की सगळ्या गर्दीने जायचं तिथे जाऊ दे, खरी जागा म्हणजे पिंटोचं भाट. भाट म्हणजे तिकडे माडांची बाग. त्या बागेतून पायवाटेने खाली उतरलं की मागे वाळू आहे, आणि तिथे चिटपाखरू नसतं. मी हलकेच ज्यूस भरून घेतला, चेहरा दगडासारखा ठेवला, आणि खांबाला वळसा न घालता परत आलो. अशा वेळी पुढे जाऊन बघायचं नसतं. ऐकणाऱ्याला पाहिलं की बोलणारे आवरतात. त्या जहाजावर हजारो माणसं, आणि त्या सगळ्यांत ती जागा माहीत असलेला मी एक. मी घरच्यांना एवढंच सांगितलं की माझ्याकडे एक पत्ता आहे. तनया हसली. तिच्या फोनमध्ये पत्तेच पत्ते होते.

बंदरावर उतरलो तर कळलं की त्या दिवशी आमच्यासारखी आणखी दोन जहाजं लागली आहेत. दाजी, तुम्ही धरणाचे दरवाजे उघडलेले पाहिलेत. तसेच तीन दरवाजे एकाच वेळी उघडले आणि त्यातून पाण्याऐवजी टोप्या वाहू लागल्या. टॅक्सीवाले दोराच्या पलीकडे उभे राहून माणसं अशी निवडत होते जशी आपण मंडईत वांगी निवडतो: दाबून, उलटून, देठ बघून. आम्हाला एकाने निवडलं. का, तर आमच्यात एक नऊवारीतली बाई आहे, ती दारू पिऊन गाडीत ओकणार नाही. आक्काच्या लुगड्याने मिळवून दिलेली ही पहिली सवलत.

पहिला बीच तनयाच्या आग्रहाने. प्रसिद्ध होता, आणि का प्रसिद्ध होता ते कळायला वाव नव्हता, कारण वाळू दिसतच नव्हती. छत्र्या, त्यांच्या खाली खुर्च्या, त्यांच्या खाली माणसं, त्यांच्या खाली असलीच तर वाळू. इथे माझ्या हातून एक आगळीक झाली, ती ललिताच्या पत्रातून कळण्याआधी मीच सांगतो. तिथल्या एका झोपडीवजा हॉटेलात दोन मोठे स्पीकर लागले होते आणि त्यातल्या डाव्याचा वरचा पट्टा बसला होता. नुसतं बुम् बुम्. लोक त्यावर नाचत होते! मी स्वतःला आवरलं. दोन पावलं पुढे गेलो. परत आवरलं. मग गेलो आणि मालकाला सांगितलं, बाबा रे, तुझी आतली जोडणी सुटली आहे, स्क्रू ड्रायव्हर दे. त्याने दिला. वेळ किती गेला याबद्दल मतभेद आहेत. मी म्हणतो पाच मिनिटं, ललिता काही म्हणत नाही. त्या क्षणापासून ती काही म्हणेनाशीच झाली. परिणाम असा झाला की तो स्पीकर उत्तम वाजू लागला आणि आणखी पन्नासेक माणसं तिथे नाचायला आली. गर्दी नसलेला बीच शोधायला निघालेल्या माणसाने गर्दी वाढवून दिली.

गाडीत बसल्यावर आक्का म्हणाली, तू काहीतरी ऐकलंस म्हणालास ना, तिकडं जाऊ की. माझ्यावर तिचा हा असा विश्वास. पण तनयाचं म्हणणं पडलं की ऐकीव गोष्टींवर नको, तिच्याकडे ‘कोणालाच माहीत नसलेले दहा बीच’ अशी यादी आहे. त्यातल्या चौथ्याला गेलो. (पहिले तीन कोणीतरी बघितलेच असणार, असा तिचा हिशोब, तो माझ्याकडून आलेला आहे.) कोणालाच माहीत नसलेल्या त्या बीचवर पार्किंगला पावती फाडत होते. आत शिरल्यावर समोर विश्रांतवाडीचं एक अख्खं भिशी मंडळ, एकसारख्या गुलाबी टोप्या घालून, ओळीने फोटोला उभं. त्यांनीही तीच यादी वाचली होती आणि तोच हिशोब केला होता. पुण्याच्या माणसाला फसवायचं तर पुण्याच्याच माणसाने ‘इथे कोणी येत नाही’ असं सांगावं लागतं. आक्काने पदर घट्ट खोचला, पाण्याकडे एकदा पाहिलं आणि आल्या पावली गाडीत जाऊन बसली. रागावली नाही. तिने डब्याचं झाकण उघडून एक दशमी टॅक्सीवाल्याला दिली आणि म्हणाली, “न्हाई तर न्हाई. बघितला की समुद्र.” दाजी, ती रागावली असती तर परवडलं असतं.

मग मी माझा पत्ता टाकला. पिंटोचं भाट, म्हटलं. टॅक्सीवाला आरशातून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ते तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, बाबा, कान आहेत. गाडी वळली. डांबरी रस्ता संपला, लाल मातीचा सुरू झाला, मग तोही दमला. माडांच्या मधून पायवाट, जांभ्या दगडाच्या झिजलेल्या पायऱ्या, आणि खाली, दाजी, कोयरीसारखा एक वाळूचा तुकडा. स्वच्छ. ओला. लाटा अशा हळू येत होत्या जणू कोणीतरी झोपलंय घरात. एक दुकान नाही, एक छत्री नाही, एक स्पीकर नाही. माझ्या कानांना इतकी शांतता सोसवेना. मी तनयाकडे वळून बघितलं, ललिताकडे वळून बघितलं, टॅक्सीवाल्याकडेसुद्धा बघितलं. आयुष्यात फार थोड्या वेळा माणूस इतका बरोबर असतो.

आणि मग दिसलं की एक छत्री आहे. काळी, आपली नेहमीची, पावसाची. तिच्याखाली मोजे घातलेले एक गृहस्थ. शेजारी चटई, चटईवर त्यांच्या मंडळी, त्यांच्याजवळ स्टीलचा डबा, आणि डब्याला टेकवलेली कापडी पिशवी, तिच्यावर रविवार पेठेतल्या दुकानाचं नाव. हजारो मैल पसरलेला समुद्र, आणि त्यातली कोयरीएवढी वाळू पेठेतल्या माणसाने आधी येऊन धरलेली!

नमस्कार-चमत्कार झाले. अमीनशेठ, चटया आणि ताडपत्र्यांचा तीन पिढ्यांचा धंदा; पत्नी हमीदाभाभी. आमच्याच जहाजावरचे. माणसं सज्जन. पण दोघंही कोरडे ठणठणीत, समुद्राकडे पाठ करून बसलेले. मला लगेच कळलं की हे थोड्या वेळाने जाणार. म्हणून आम्ही जरा अंतरावर आमची चादर पसरली आणि ते जायची वाट बघत बसलो. नंतर समजलं की अमीनशेठही आम्ही जायची वाट बघत होते, कारण त्यांच्या मंडळींनाही आयुष्यात एकदा समुद्रात उतरायचं होतं, आणि त्यांचीही अट तीच: बघायला कोणी नको.

आता दुसऱ्या कुठल्या गावची माणसं असती तर एकाने दुसऱ्याला सरळ विचारलं असतं. पण आम्ही दोघं पुण्याचे. सरळ विचारणं म्हणजे पडती बाजू घेणं. मी म्हटलं, ऊन चढतंय, वहिनींना त्रास होईल. ते म्हणाले, आमचं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, उन्हाची सवय आहे. तुमच्याबरोबर मात्र वयस्कर बाई आहेत. मी म्हटलं, त्या फलटणच्या आहेत, हे ऊन त्यांना सावलीसारखं. ते म्हणाले, परत जहाजावर जेवण उत्तम असतं म्हणतात, दुपारचं लवकर संपतं. मी म्हटलं, हो ना, तुम्ही घाई केलीत तर मिळेल. त्यांनी नानकटाई पुढे केली, की खाऊन हे उठतील. मी दशम्या आणि लसणाची चटणी पाठवली, की खाऊन ते उठतील. दोन्हीकडचे डबे रिकामे झाले, उठलं कोणी नाही. अमीनशेठ मोज्यातली वाळू झटकत आणि परत तेच मोजे घालत. आक्का आणि हमीदाभाभी एकमेकींकडे न बघता क्षितिजाकडे बघत होत्या. पाणी हाताच्या अंतरावर, दिवस उतरणीला लागलेला, आणि दोन कुटुंबं एकमेकांना सौजन्याने हाकलत बसलेली.

शेवटी ललिता उठली. (अबोला चालू होता, त्यामुळे ती माझ्याशी बोलली नाही, ती हवेशी बोलली.) “तुम्ही दोघं पुरुष जरा वर वाटेवर जाऊन उभे राहता का? तोंड रस्त्याकडे करून. आणि कोणाला खाली येऊ देऊ नका.” बास. एवढं एक वाक्य. अमीनशेठनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघंही मुकाट्याने छत्री घेऊन पायऱ्या चढलो. चढताना ते हळूच म्हणाले, “साउंडवाले, हे आपल्याला सुचायला हवं होतं.” मी म्हटलं, सुचलं होतं, पण तुम्ही आधी उठाल म्हणून थांबलो होतो.

तर आम्ही वाटेवर, समुद्राकडे पाठ करून, पहाऱ्याला उभे. ललिताने खालून बजावलं की मागे वळून बघायचं नाही, काही झालं तरी, आणि मी त्याला हो म्हटलं. (त्या दिवशी मी दिलेला हा दुसरा शब्द. हा पाळला.) पायात वाळू बोचत होती म्हणून मी चपला काढल्या होत्या, एक कुत्रं आलं, विचार केला, आणि डावी घेऊन गेलं. मी पहाऱ्यावरचा माणूस, जागा सोडता येईना. अमीनशेठ म्हणाले, जाऊ द्या, आमच्या आळीत माणसं नेतात.

आधी पैंजणासारखं पाणी वाजलं. मग हमीदाभाभींची किंकाळी, मग तनयाचं हसणं, मग ललिताचं. मग आक्काचं. दाजी, मी आक्काचं हसणं विहिरीनंतर पहिल्यांदा ऐकलं. तोंडाला पदर न लावता हसलेलं. मी अमीनशेठना सांगत होतो, ते हसणं माझ्या बहिणीचं बरं का, आणि ते सांगत होते की किंकाळी आमच्या घरची.

आणि मग एकदम सगळं थांबलं.

हसणं नाही, बोलणं नाही. नुसती लाट येते आणि जाते. अमीनशेठनी छत्री दोन्ही हातांनी धरली. मी कान लावले. काही नाही. मला आमच्या विहिरीऐवजी तुमचा कालवा दिसायला लागला. एसटीच्या खिडकीतून फोन करणारे तुम्ही दिसायला लागलात. वळून बघावं तर बायकांना दिलेला शब्द, न बघावं तर तुम्हाला दिलेला. अमीनशेठ पुटपुटत दुआ मागत होते, त्यात त्यांनी आक्काचंही नाव घेतलं, इंदुबाई, पूर्ण. मी मान वळवायला घेतली. अर्धी वळवलीसुद्धा. तेवढ्यात त्या शांततेच्या तळाशी मला आवाज आला. छप्... छप्. एक लांब, एक आखूड. विहिरीत आक्का डाव्या हाताने लांब मारायची आणि उजव्याने आखूड, म्हणून ती नेहमी थोडी तिरकी जायची आणि मी तिला चिडवायचो. तोच हात. साठीच्या पुढचा, पण तोच. आणि मग तिचा आवाज, अगदी हळू, विहिरीत माझ्या कानाशी यायचा तसा: “अंग सोड. भिऊ नको. मी हाय ना खाली.”

ती हमीदाभाभींना पाण्यावर उताणं तरंगायला शिकवत होती. ते शिकताना कोणी बोलायचं नाही, हा तिचा विहिरीतला नियम. बाकीच्या दोघी म्हणून गप्प होत्या. अमीनशेठनी मला विचारलं, काय झालं, काय झालं? मी सांगितलं, तुमच्या मंडळी तरंगतायत. ते खाली दगडावर बसले आणि त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मी माझाही पुसला असता, पण मला चष्मा नाही.

जहाज सुटायला थोडाच अवकाश उरला तेव्हा त्या वर आल्या. आक्काच्या ओल्या लुगड्यातून पायरीवर पाणी ठिबकत होतं, चेहरा असा की त्याकडे बघायला मला लाज वाटली. मी म्हटलं, दाजींना काय सांगू? ती केस पिळत म्हणाली, “सांग की. खोटं कशाला? म्हणावं, लांबवर गेले आन् माघारी आले.”

ती लांबवर गेली होती, दाजी. आणि माघारी आली. माझा शब्द मोडल्याची जी शिक्षा द्याल ती घेईन, फक्त तिला काही बोलू नका. आणि बोलायचंच असेल तर आधी विचारा की कसं होतं पाणी. ती सांगायला लागली की तुमचं बोलायचं राहून जाईल. परसातल्या पपईला पाणी घालता ना? (हेही तीच विचारते आहे.)

तुमचा आज्ञाधारक, निदान एरवी,
मच्छिंद्र

ता. क. १ – आक्का या आठवड्यात येत नाही. ती आणि हमीदाभाभी आमच्या इथल्या तलावावर सकाळच्या बायकांच्या बॅचला जातात. हमीदाभाभी रविवार पेठेतून दोन बस बदलून येतात. परवा तिथल्या शिक्षिकेला आक्काने हात कसा मारायचा ते दाखवलं.

ता. क. २ – खरं काम लिहायचं राहिलंच. दोघींनी फेब्रुवारीत परत जायचं ठरवलं आहे, जहाज नको, नुसती ती जागा. पण तिथे उतरायला वाटा तीन आहेत, हे परवा अमीनशेठनी नकाशा काढून दाखवलं, आणि आम्ही पुरुष दोनच. तिसऱ्या वाटेवर उभं राहायला एक जबाबदार माणूस हवा. चाळीस वर्षं पाण्यावर पहारा केलेला असल्यास उत्तम. समुद्राकडे पाठ करूनच उभं राहायचं आहे, तेव्हा काठ नसलेलं पाणी तुम्हाला दिसणारही नाही. मी ऐकून तुम्हाला सगळं सांगत राहीन. होकार आक्काला कळवा, मला नको.

ता. क. ३ – पाकीट चिकटवण्याआधी तनयाने हे पत्र वाचलं आणि एक दुरुस्ती घालायला लावली, ती घालतो. पिंटोचं भाट आक्का आणि हमीदाभाभींनी आदल्या संध्याकाळीच आपसात ठरवलं होतं. दुपारभर त्या दोघी आम्ही दोघं पुरुष कधी उठतो त्याची वाट बघत होत्या. सकाळी खांबामागे हमीदाभाभी बोलत होत्या त्या आक्काशी, आणि मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम मोठ्याने.